जुनी छोटी पेट्रोल हॅचबॅक: कागदावरचे आकडे आणि शिरोळची पारख

चार मीटरच्या आत बसणारी, ८०० ते १२०० सीसीचे पेट्रोल इंजिन असलेली आणि डिकीचा दरवाजा मागच्या काचेसकट वर उघडणारी गाडी म्हणजे छोटी पेट्रोल हॅचबॅक. भारतात या मापामागे कराचे गणित आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि कंपन्यांनी गाड्या त्या मापात बसवायला सुरुवात केली. त्याआधीच या वर्गाने मध्यमवर्गीय घरांत पाय रोवले होते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, सँट्रो १९९८ मध्ये, वॅगन आर १९९९ मध्ये आणि अल्टो २००० मध्ये. पुढे २००५ ला स्विफ्ट, २००७ ला आय-टेन, २०१५ ला क्विड आणि २०१६ ला टियागो आली. आज सेकंड हँड बाजारात फिरणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी बहुतेक याच नावांच्या आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात अशा गाडीला मोठी मागणी आहे आणि तिची कारणे उघड आहेत. घरात मोटारसायकल असते, शेतकऱ्याकडे ट्रॅक्टरही असतो. पण मिरजेच्या दवाखान्यात आजारी माणसाला न्यायचे, नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून जायचे, लग्नसराईत म्हाताऱ्यांना घेऊन फिरायचे, तर चारचाकी लागते. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच्या वापरासाठी नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही, आणि एवढ्या कमी वापरात डिझेलची महागडी देखभालही अंगावर येते. अशा घराला सहा ते दहा वर्षे जुनी पेट्रोल गाडी सोयीची पडते. मात्र कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे नव्या गाडीचे असतात. जुन्या गाडीच्या बाबतीत तोच आकडा तिच्या वयाशी, आजवरच्या वापराशी आणि ती कुठे उभी राहत होती त्याच्याशी जोडून वाचावा लागतो.

उदाहरणादाखल २०१२ च्या ऑक्टोबरात आलेली अल्टो ८०० घेता येईल. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. शक्ती ४८ पीएस, ६००० आरपीएमला. टॉर्क ६९ न्यूटन मीटर, ३५०० आरपीएमला. गिअर पाच. लांबी ३३९५ मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २३६० मिलिमीटर, जमिनीपासूनची उंची १६० मिलिमीटर. टाकी ३५ लिटरची, डिकी १७७ लिटरची. टायर १४५/८० आर १२. कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज सुरुवातीला लिटरला २२.७४ किलोमीटर होते. रिकाम्या गाडीचे वजन ७०० किलोंच्या आसपास भरते.

शक्तीचा आकडा वजनाशेजारी ठेवला की त्याचा खरा अर्थ कळतो. एकटा माणूस बसला असेल तर ४८ पीएसला ही गाडी हलकी असते आणि जयसिंगपूर ते शिरोळ रस्त्यावर ती चपळ वाटते. पण साठ-साठ किलोची पाच माणसे बसली की ३०० किलो वाढतात, म्हणजे एकूण वजन चाळीस टक्क्यांहून अधिक चढते. त्यात एसी चालू केला तर कॉम्प्रेसरही त्याच इंजिनावर चालतो. शिवाय पूर्ण टॉर्क ३५०० आरपीएमला मिळत असल्याने चढावर गिअर खाली आणून इंजिन फिरते ठेवावे लागते. शिरोळ तालुका नदीकाठचा आणि सपाट आहे, त्यामुळे रोजच्या वापरात ही उणीव जाणवत नाही. जोतिबाचा डोंगर, पन्हाळा किंवा आंबा घाट भरल्या गाडीने चढताना मात्र ती जाणवते. वर्षातून दोन-तीनदाच घाट लागणार असेल तर ८०० सीसी पुरेसे आहे. पाच माणसांनी वरचेवर कोकणात उतरणाऱ्या घराने किमान १००० सीसीची गाडी घ्यावी. २०१० नंतरच्या वॅगन आरमधले ९९८ सीसीचे इंजिन ६८ पीएस आणि ९० न्यूटन मीटर देते, आय-टेनचे १.२ लिटरचे कप्पा इंजिन ८० पीएसच्या आसपास, तर टियागोचे ८५ पीएसच्या आसपास.

टायरवरच्या आकड्यात १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १२ हा रिमचा इंचातला व्यास. बारा इंची चाक खड्ड्यात खोल जाते. गळीत हंगामात ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा तुटलेले रस्ते आणि मळ्याकडे जाणाऱ्या पाणंदी यांवर तेरा-चौदा इंची चाकांची गाडी कमी हादरते. जमिनीपासूनची १६० मिलिमीटर उंची गाडी रिकामी असतानाची असते. पाच माणसे बसली की स्प्रिंगा दबतात आणि गाडी खाली येते. पाणंदीच्या मधल्या उंचवट्याला घासलेली गाडी खालून ओळखू येते. इंजिनाच्या ऑइल चेंबरवर ओरखडे किंवा पोचा आणि सायलेन्सरच्या पाइपवर चेपल्याची खूण दिसते. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेतल्याशिवाय हा भाग दिसत नाही, आणि ती तशी घ्यायला विकणाऱ्याने नकार दिला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बसण्याची उंची माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. घरात गुडघेदुखीची माणसे असतील तर ती इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. अल्टोत खाली वाकून बसावे लागते. वॅगन आरचे छत उंच आणि आसन वर असल्याने म्हातारी माणसे तिच्यात सरळ जाऊन बसतात. तालुक्यात तिला टिकून राहिलेल्या मागणीमागे हेही एक कारण आहे.

ॲव्हरेजचा छापील आकडा ठराविक चाचणीत, ठराविक वेगाने मिळालेला असतो. रोजच्या रस्त्यावर एसी, बाजारपेठेतली गर्दी आणि दबलेले टायर यांमुळे तो कमी भरतो. वर्षाला ८००० किलोमीटर धरले तर २२.७४ च्या हिशेबाने ३५२ लिटर पेट्रोल लागते; गाडी प्रत्यक्षात १८ देत असेल तर ४४४ लिटर. वर्षभराचा फरक ९२ लिटरचा. म्हणून दोन गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लिटरमागे एक-दोन किलोमीटरचा फरक दिसला, तर तेवढ्यासाठी नीट देखभाल न झालेली गाडी निवडणे शहाणपणाचे नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आता आणखी एक गोष्ट आली आहे आणि ती याच भागातल्या पिकाशी जोडलेली आहे. कोल्हापूर-सांगलीच्या साखरपट्ट्यात उसापासून निघणारे इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाते आणि पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर परत येते. २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर पोहोचले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी आणि प्लॅस्टिकचे भाग अशा इंधनाला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण धरून बनलेल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून जुन्या गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरते. इंधनाच्या रबरी नळ्या चिकट झाल्या आहेत का, त्यांना चिरा आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे जुनी गाडी घेताना पाहावेच. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. आठवडाभर दारात उभी राहणाऱ्या गाडीची टाकी अर्ध्याच्या वर भरलेली ठेवली, तर आतल्या मोकळ्या जागेत ओलावा कमी धरतो.

सुविधांच्या बाबतीत एकाच नावाच्या गाडीचे अनेक प्रकार असतात आणि विक्रीच्या बोलण्यात ते हमखास पुसट होतात. अल्टोच्या अगदी खालच्या प्रकारात एसी नव्हता आणि पॉवर स्टिअरिंगही नव्हते. एलएक्सआय या प्रकारात दोन्ही मिळत. सेंट्रल लॉकसाठी त्याहून वरचा प्रकार घ्यावा लागे. बाहेरून बसवलेला टेप किंवा रिव्हर्स कॅमेरा ही गाडीची मूळ सुविधा नव्हे. उलट अशा जोडकामात वायरिंग कापलेले असते. डॅशबोर्डखाली इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले जोड दिसले की ते कशाचे आहेत हे विचारून घ्यावे.

सुरक्षेच्या बाबतीत गाडीचे उत्पादन वर्ष निर्णायक ठरते. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतीय छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे पहिले निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, आय-टेन, फिगो, पोलो आणि नॅनो या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस, १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर, आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या प्रवाशाचीही एअरबॅग सक्तीची झाली. थोडे पैसे वाढवून २०१९ च्या मध्यानंतर बनलेली गाडी घेता येत असेल तर ती घ्यावी. एसी किंवा अलॉय चाके नंतरही बसवता येतात, पण एबीएस आणि एअरबॅग जुन्या गाडीत नंतर कोणी बसवून देत नाही. टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले, म्हणजे छोटी गाडी म्हटल्यावर ती कच्चीच असेल असे नाही.

शिरोळमध्ये या सगळ्याच्या आधी गाडी पुरात बुडाली होती का, हे विचारावे लागते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्या तालुक्यातून किंवा त्याच्या सीमेवरून वाहतात. पंचगंगा आणि कृष्णेचा संगम नरसोबाच्या वाडीला होतो. २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या तिन्ही महापुरांत इथली गावे पाण्याखाली गेली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला. सांगली शहरातही दोन्ही वेळा पाणी शिरले. गाव सोडताना माणसे आणि जनावरे आधी बाहेर काढावी लागतात. ज्या गाड्या उंचावर नेता आल्या नाहीत, त्या काही दिवस पाण्यातच राहिल्या.

पुराचे पाणी गढूळ असते आणि त्यातला गाळ गाडीत अशा जागी जाऊन बसतो, जिथे धुण्याचा पाइप पोहोचत नाही. सगळ्यांत सोपी तपासणी सीट बेल्टची. पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढावा. वरचा, रोज वापरात असलेला भाग धुतलेला असतो. पण गुंडाळीत आत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा करडा डाग दिसला तर पाणी तिथवर चढले होते. नंतर पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवरचे स्क्रू पाहावेत. पावसात भिजलेल्या बुटांनी त्यांना थोडा गंज येतोच, पण चारही बाजूंना सारखा, खवले धरलेला गंज हे पाणी साचल्याचे लक्षण आहे. मॅटखालचा फेसाचा थर दाबून पाहावा, डिकीत स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवावे. तिथे बारीक, पिठासारखा गाळ सापडतो. काचा बंद करून ब्लोअर गरम हवेवर पाच मिनिटे ठेवला की आत मुरलेली ओल वासाने कळते. जोराचा सुगंध मारलेली गाडी या तपासणीतून मुद्दाम न्यावी.

विजेच्या भागांचे नुकसान उशिरा बाहेर येते. फ्यूज बॉक्समधल्या आणि डॅशबोर्डखालच्या जोडण्यांत तांब्यावर हिरवट थर धरतो. गाडी चार-सहा महिने नीट चालते आणि मग कधी वायपर, कधी काच, कधी थेट इंजिन बंद पडते. एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, तळाच्या पत्र्यालगत असतो. सीटच्या उंचीला पाणी आले की तो बुडालेलाच. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. तो लागून राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही, तर दिवाच काढून टाकल्याची शंका घ्यावी.

पुरानंतर इंजिनात पाणी असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर नुकसान सर्वाधिक होते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात या नुकसानीसाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. साध्या सर्वंकष विम्यात अशा वेळी दावा अडतो, आणि फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाईच नसते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढते आणि भंगार म्हणून लिलावात विकते. लिलावातून घेतलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येऊ शकते, बहुधा दूरच्या जिल्ह्यात. म्हणून पुण्याची किंवा मराठवाड्याची गाडी असली तरी ही तपासणी सोडू नये. २०१९ आणि २०२१ च्या विमा पॉलिसी व त्या वर्षांचे दावे मागावेत आणि अधिकृत सेवा केंद्रातून गाडीच्या नंबरावर कामांचा इतिहास काढावा. त्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरात वायरिंग, सीट, कार्पेट आणि कंट्रोल युनिट एकत्र बदलले असेल तर वेगळा पुरावा लागत नाही.

पुरात सापडलेली प्रत्येक गाडी टाकाऊ असते असे नाही. पाणी पायाखालच्या मॅटपर्यंतच आले होते, मालकाने ते स्वतःहून सांगितले आणि कामाची बिले दाखवली, तर किंमत कमी करून तिचा विचार करता येतो. डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच करावी. गाडी दाखवण्याआधी सुरू करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर कूलंट आत जात आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळत आहे. ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठराविक अंतरानंतर बदलावाच लागतो. बदलल्याचे बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. वॅगन आरच्या ९९८ सीसीच्या के-मालिकेतल्या इंजिनात त्याजागी साखळी आहे.

मीटरवरचे किलोमीटर मागे घेता येतात, म्हणून ते इतर खुणांशी ताडून पाहावेत. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगचा वरचा भाग चकचकीत असेल तर मीटरवर विसंबू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २०१९ च्या गाडीवर, वीस हजार किलोमीटरच्या मीटरसोबत २०२२ चे चार टायर दिसले, तर इतक्या लवकर ते का बदलले याचे उत्तर मागावे.

कागदपत्रांत आरसीवरचा चेसीस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरलेल्या नंबरांशी अक्षरन् अक्षर जुळवावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ५००० रुपये झाले, त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणून तेरा-चौदा वर्षांची स्वस्त दिसणारी गाडी घेताना हा खर्च आधीच मोजावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहावे.

तालुक्याला लागूनच कर्नाटकाची हद्द असल्याने सदलगा, चिक्कोडीकडच्या केए २३ पासिंगच्या गाड्या इथे पाहायला मिळतात. अशी गाडी घेतली तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, आणावे लागते आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. हा कर आणि हेलपाटे धरले की एमएच ०९ किंवा एमएच १०, म्हणजे कोल्हापूर किंवा सांगली पासिंगची थोडी महाग गाडी पुष्कळदा स्वस्त ठरते.

विमा नव्या मालकाच्या नावावर १४ दिवसांत करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. फॉर्मवर नुसत्या सह्या करून गाडी एजंटाच्या हवाली करणे विकणाऱ्यालाच धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून पुढे गेली असली, तरी अपघाताच्या दिवशी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.